याची टोपी त्याच्या डोक्यावर

आमच्या मोहाडीच्या घरी दसऱ्याला अजूनही लोखंडाची पूजा होते. नांगर आता नाही, विळे दोन-तीनच उरलेत, पण नातवाची मोटारसायकल असते, विहिरीवरच्या मोटरचे पाने असतात, आणि गेल्या काही वर्षांपासून पुतण्याचं ड्रिल मशीनही पाटावर येऊन बसतं. सगळं मांडून झालं की वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन यायची, ते सुनेच्या हातात द्यायची आणि दोन पावलं मागे सरून उंबरठ्याशी उभी राहायची. घरातली सगळ्यात मोठी बाई पूजेला पुढं का होत नाही, हे नव्या पिढीत कोणी विचारलं नाही. मोठ्या आईचं तसंच असतं, म्हणून सोडून दिलं. मला मात्र कारण ठाऊक होतं. ती दोन पावलं माझ्यामुळं मागं सरलेली होती. चाळीसहून जास्त दसरे मी ते बघत आलो, सोनं वाटलं, वडे खाल्ले आणि भंडाऱ्याला परत गेलो. आज हे लिहितो आहे तेही मोठ्या मनानं नव्हे. लिहायला सांगितलं गेलं म्हणून लिहितो आहे.

माझ्या तरुणपणी आमच्या घरी एक मोटार होती. काळी, गोल पाठीची, इंग्रजांच्या वेळची. बाबांनी ती एका मालगुजाराच्या वारसांकडून घेतली होती. तिच्या नाकावरचं कंपनीचं नाव गळून गळून शेवटचं एक अक्षर तेवढं उरलं होतं, त्यामुळं ती मूळची कोण हे गावात कोणालाच सांगता यायचं नाही. बाबांचा धानाचा छोटा व्यापार, पण गावात त्यांची ओळख मोटारवाले म्हणूनच. लग्नसराई आली की नवरदेव आमच्या मोटारीतून जायचा. झेंडूच्या माळा, समोरच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि चाकामागं बाबा, पांढरं धोतर, काळी टोपी, पाठ ताठ. नवरदेवाचा बाप बाजूला बसायचा, पण बघणाऱ्याला बाबाच वरबाप वाटावेत असा त्यांचा थाट. रोज सकाळी, लग्न असो की नसो, ते मोटारीला हँडल मारायचे. तीन वेळा ती खोकायची, चौथ्या वेळेला धर्रकन जागी व्हायची, आणि मग सगळ्या अंगणभर तिचा एक समाधानी आवाज पसरायचा. आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "उठली बाप्पा तुमची लेक." त्या आवाजावर आमच्या घरचा चहा व्हायचा.

वहिनी आली ती याच मोटारीतून. दादाचं लग्न लाखांदूरकडच्या एका गावात झालं. परत येताना अर्ध्या रस्त्यात तिला मोटार लागली आणि बाबांनी दोनदा गाडी थांबवून तिला स्वतः पाणी पाजलं. दादा मँगनीजच्या खाणीत नोकरीला, फक्त रविवारी घरी. त्यामुळं नव्या नवरीच्या वाट्याला नवऱ्यापेक्षा सासू, सासरा आणि दीरच जास्त आले. माझ्याहून ती वर्ष-दीड वर्षानं मोठी असेल. चौथीपर्यंत शिकलेली, बोलणं थोडं, हसणं भरपूर. तिच्या हाताला चव होती. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या ती अशा पातळ कापून तळायची की मी ताटावरून उठताना दोन खिशात घालून उठायचो. आणि आईच्या मते तिच्या हाताला गुणही होता. ती आली त्या उन्हाळ्यातल्या लोणच्याला भर पावसातही बुरशी आली नाही, आटलेली गाय दुधावर आली, आणि आषाढात रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, पहिल्या दिवशी आईनं सगळ्या बाया थांबवून धानाची पहिली पेंडी वहिनीच्या हातानं लावून घेतली. ते धान असं तरारून आलं की आई जो भेटेल त्याला सांगायची, "माह्या सुनेचा हातगुण हाय." हातगुण हा शब्द मी तेव्हा इतक्यांदा ऐकला की मला तो वहिनीच्या नावाचाच भाग वाटायचा.

त्याच पावसाळ्यात मोटार आजारी पडली. निळा धूर सोडायला लागली, पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त प्यायला लागली, आणि चढावर बाबांना खाली उतरून तिची समजूत घालावी लागायची. बाबांनी तुमसरहून नत्थू मिस्त्रीला बोलावलं. नत्थू मिस्त्री म्हणजे सुक्या बोंबलासारखा माणूस, कानावर बिडी, आणि बोनेटवर कान टेकवून डॉक्टरसारखा ऐकणारा. ऐकून झाल्यावर त्यानं बिडी पेटवली आणि म्हणाला, "बाबूजी, इंजन पुरं खोला लागते. रिंगा गेल्या, बेरिंगा गेल्या. हे माह्यानं नाई होत, मले आता डोळ्यानं दिसत नाई. नागपूरले पाठवा. तिथं मशीनवर चढवून मोजमाप करतीन."

मी तिथंच उभा होतो. भंडाऱ्याच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकची दोन वर्षं नुकतीच पुरी करून आलो होतो. इंजिनाच्या पोटात काय काय असतं याच्या आकृत्या मी डोळे मिटून काढू शकत होतो. खरं इंजिन मात्र मी एकट्यानं एकदाही पूर्ण उघडून मिटलं नव्हतं. तरी मी म्हणालो, "नागपूरची काय गरज? मी करतो."

नत्थू मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

त्या दिवशी जेवताना हाच विषय होता. लाखोरीची डाळ होती, भात होता, आणि तळ्यातल्या झिंग्यांची चटणी होती. बाबा भात कालवत म्हणाले, "मिस्त्री म्हंते नागपूरले पाठवा. हा म्हंते मी करतो. कोणाचं आयकू?"

"पोट्ट्याच्या हाती द्याची चीज हाय का थे?" आई म्हणाली. "त्याले सायकलची चैन बसवता येत नाई."

हे खोटं होतं, पण मला झोंबलं. मी ताटावर वाकून भात चिवडत राहिलो. बाबा नुसता भात कालवत राहिले. मोटार नागपूरला गेली तर लग्नसराईपर्यंत परत येईल की नाही ही त्यांची काळजी मला दिसत होती, आणि ती अनोळखी हातात द्यायचीच त्यांना धास्ती होती. अशा वेळी वहिनी, जी सासऱ्यासमोर सहसा तोंड उघडत नसे, डाळ वाढता वाढता म्हणाली, "भाऊजी करतीन जी, मामाजी. शिकले हायेत थे. घरच्या मानसावर भरोसा नाई ठेवाचा तं कोणावर ठेवाचा?"

बाबा हसले. "पाय गा मनोहर, तुही वकिली सूनबाई करून राहिली. आतापावतर हिचा हातगुण खोटा नाई पडला. आता बोलगुणई पाहू." आणि तिथंच ठरलं. मी त्या दिवशी दोन वेळा भात मागून घेतला. माझ्या बाजूनं त्या घरात कोणी पहिल्यांदा बोललं असेल तर ती वहिनी, हे मी तेव्हा मनात नोंदवून ठेवलं होतं. पुढं ते विसरलो नाही, आणि तरीही जे केलं ते केलं.

नत्थू मिस्त्री जाण्याआधी मला बाजूला घेऊन गेला. तो जे बोलला ते कळायला रॉड काय हे आधी वाचकाला सांगायला हवं. इंजिनात चार पिस्टन, प्रत्येकाला एकेक दांडा, तो रॉड. रॉडच्या बुडाशी अर्धगोल टोपी दोन बोल्टांनी आवळलेली असते, आणि त्या गोलात मधला जाड दांडा फिरतो. मिस्त्री म्हणाला, "टोपी ज्याची त्यालेच बसली पायजे. रॉड आन् टोपी जोडीनं कोरलेले असतात. हिचे जुने नंबर मिटले हायेत, मी मागं पायलं. म्हणून खोलाच्या पयले पंचानं ठिपके मार. पयल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर चार. रॉडवरई आन् टोपीवरई. आंधळ्यालेई बोटानं समजलं पायजे. याची टोपी त्याच्या डोक्यावर गेली तं इंजन माफ नाई करत."

मी मान हलवली. मनात म्हटलं, ठिपके मारायचे ते अनाडी मिस्त्र्यांनी. आम्ही शिकलेले. आम्ही क्रमानं मांडून ठेवतो.

दसऱ्याच्या चार दिवस आधी मी इंजिन उघडलं. आमच्या घराला पुढं लांब सपरी, म्हणजे ओसरी, होती, तिच्या पुढच्या अंगणात मोटार उभी, आणि मोटारीशेजारी एक रिकामं पोतं पसरून मी एकेक भाग काढून मांडत होतो. पिस्टनसकट चार रॉड, आणि प्रत्येकाच्या पायाशी त्याची टोपी. रॉकेलनं धुतल्यावर टोप्यांची आतली बाजू चांदीच्या जोडव्यांसारखी चमकायला लागली. बाबा दर तासाला येऊन उभे राहायचे, हात मागं बांधून. मला बघणारं कोणी आहे याचा मला असा आनंद होता की मी जरा जास्तच सफाईनं हात चालवत होतो. रॉडवर मी खडूनं आकडे टाकले होते. ते धुताना पुसले गेले, पण क्रम तर समोरच होता, म्हणून मी पुन्हा टाकले नाहीत.

तिसऱ्या प्रहरी हस्ताचा पाऊस आला. हस्ताचा पाऊस आमच्याकडं सांगून येत नाही. मी धावलो, पोत्याची चार टोकं धरली आणि गाठोडं उचलून सपरीत आणलं. खाली ठेवलं तेव्हा आत खणखण झालं. पोतं उघडलं तर चार रॉड आणि चार टोप्या, लग्नात पंगत मोडल्यावर चपला पडतात तशा एकावर एक पडलेल्या होत्या.

कोणीही पाहिलं नाही. आई गुरांकडं होती, वहिनी मागं वाळवण गोळा करत होती. मी खाली बसलो आणि जोड्या लावायला लागलो. पहिली टोपी ओळखली, तिच्या कडेला टवका होता. चौथी ओळखली, ती बसवून पाहिली तर कुलपात किल्ली बसावी तशी बसली. दुसरी आणि तिसरी मात्र ओळखता येईनात. अशी बसवली तरी बसते, तशी बसवली तरी बसते. तासभर मी त्या दोन टोप्या हातात घेऊन फिरवत होतो. शेवटी मनानं कौल दिला तशा मांडल्या. तुमसर मोहाडीहून एसटीनं अर्ध्या तासावर. दुसऱ्या दिवशी दोन्ही रॉड पिशवीत घालून नत्थू मिस्त्रीकडं गेलो असतो, तर त्यानं बोटं फिरवून पाच मिनिटांत सांगितलं असतं. पण मग तो विचारणार होता, ठिपके कुठं आहेत? मी ठरवलं, दसरा झाला की जाऊ.

दसऱ्याला बाबांनी वहिनीला बोलावलं. "सूनबाई, तुया बोलण्यानं इंजन खोललं. आता पूजाई तूच कर." तिचा आमच्या घरचा तो पहिला दसरा. हिरवं लुगडं, नाकात नथ, ताटात हळद, कुंकू, अक्षता. तिनं सपरीत पाट मांडला, रांगोळी काढली. विळे, कुदळ, माझे पाने, सगळ्यांना टिळे लावले. मग ती पोत्याकडं वळली. पिस्टनना जागच्या जागी टिळा लावला. टोप्या मात्र तिला फार आवडल्या असाव्यात. एकेक उचलून पदरानं पुसून तिनं त्या पाटावर रांगोळीभोवती गोल मांडल्या, त्यांच्या चकचकीत पोटात हळदीकुंकवाचं बोट टेकवलं आणि हात जोडले.

मी खांबाला टेकून हे बघत होतो. ती पहिली टोपी उचलत होती तेव्हा मला ओरडायला हवं होतं. मी ओरडलो नाही. मला हायसं वाटलं. हे मी आज शब्द न चुकवता लिहितो, कारण पुढचं सगळं त्या हायसं वाटण्यातून आलं. बरं झालं, असं मला वाटलं. आता क्रम बिघडला तर तो कुणामुळंही बिघडलेला असू शकतो.

दुसऱ्या दिवशी पाटावरच्या टोप्या परत पोत्यावर आपापल्या जागी होत्या. मी पहिली उचलली तर तिच्याखाली पोत्यावर तांदळाचा एक दाणा, हळदीत भिजवलेला. दुसरीखाली दोन दाणे. तिसरीखाली तीन. चौथीखाली चार. वहिनीनं टोप्या उचलताना त्यांच्या जागी अक्षता ठेवल्या होत्या, मोजून, आणि पाटावरून त्याच क्रमानं परत आणल्या होत्या. एक, दोन, तीन, चार. नत्थू मिस्त्रीनं मला पंचानं करायला सांगितलं होतं ते चौथी शिकलेल्या बाईनं तांदळानं केलं होतं, कोणी न सांगता. म्हणजे मी जशा मांडल्या होत्या तशाच त्या तिनं ठेवल्या होत्या, आणि चूक असलीच तर ती माझी होती. ते दहा दाणे मी पोतं झटकून अंगणात उडवले. कोंबड्यांनी ते लगेच टिपले. टोप्या धुतल्या तेव्हा डब्यातलं रॉकेल लाल झालं, तेही मी मोरीत ओतलं. तुमसरला गेलो नाही.

इंजिन मी दिवाळीच्या आत बांधलं. बाबांनी हँडल मारलं तर ते जड जात होतं. "जड हाय गा," ते म्हणाले. मी म्हणालो, "नव्या रिंगा आहेत, बसायला वेळ लागते." हे पुस्तकात लिहिलेलं होतं आणि खरंही होतं. पाचव्या हँडलला मोटार सुरू झाली. निळा धूर नव्हता. आई चुलीवरून उठून आली, बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि वहिनीनं मोटारीसमोर नारळ फोडला. दिवाळीत आम्ही सगळे मोटारीतून फिरून आलो. परतताना मला आवाज आला. टक्, टक्, टक्, बारीक, लाकडात किडा कोरतो तसा. बाबांचे कान तयार होते, ते ऐकतील म्हणून मी मागच्या सीटवरून मोठ्यानं गप्पा मारायला लागलो. वहिनी हसून म्हणाली, "आज भाऊजीले लय बोलणं सुचून राहिलं." मी आणखी मोठ्यानं बोललो.

तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलं लग्न सिहोऱ्याचं. नवरदेव आमच्याच आळीतला. बाबा चालवत होते, मी मागं. तुमसर सोडून थोडं पुढं गेलो आणि मोटारीच्या पोटात घणाचा घाव बसावा असा आवाज झाला. मग काहीच आवाज नाही. खाली उतरून वाकून पाहिलं तर इंजिनाच्या कुशीला मुठीएवढं भोक, त्यातून तुटका रॉड बाहेर डोकावतो आहे, आणि रस्त्यावर ऑइलची काळी धार. बाबा बराच वेळ त्या भोकाकडं बघत राहिले. वरबाप घड्याळ बघत होता. शेवटी खळ्याकडं धानाचे भारे नेणारी एक बैलगाडी थांबवली आणि नवरदेव बाशिंग सांभाळत भाऱ्यांवर चढून बसला. मुहूर्त टळला. गावात पुढं कित्येक महिने लोक हसायचे, "धानावर बसून गेला, बायको काही उपाशी नाई मरत." बाबा त्या हसण्यात कधी सामील झाले नाहीत. बैलगाडी निघाली तेव्हा ते टोपी काढून हातात धरून उभे होते. मी त्यांना उघड्या डोक्यानं रस्त्यात उभं राहिलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

मोटार बैलांनी ओढून घरी आणली. नत्थू मिस्त्री आला, त्यानं खालचं झाकण काढलं, हात आत घातला आणि बोटांनी चाचपत राहिला. मग म्हणाला, "दुसऱ्याची टोपी तिसऱ्याले, तिसऱ्याची दुसऱ्याले." हात बाहेर काढून त्यानं माझ्याकडं पाहिलं. "ठिपके नाई मारले?"

"क्रमानं मांडल्या होत्या," मी म्हणालो.

"मंग बदलल्या कशा?" हे बाबांनी विचारलं.

सपरीत आई होती. दारात वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन मिस्त्रीचे हात धुवायला उभी होती. मी म्हणालो, "दसऱ्याच्या पूजेत वहिनीनं उचलल्या होत्या."

एवढंच. एक वाक्य. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. अनेक वर्षं मी याच गोष्टीला धरून बसलो होतो की मी खोटं बोललो नाही. कोणी जाब विचारला असता तर मी तेच सांगणार होतो.

कोणी ओरडलं नाही. आमच्या घरी ओरडायची पद्धत नव्हती. आईनं एक सुस्कारा टाकला आणि आत गेली. बाबा वहिनीजवळ गेले, तिच्या हातातला तांब्या घेतला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, तू आता लोखंडाले हात नोको लावू. बाकी सारं कर." त्यांच्या मते हे त्यांनी तिला सांभाळून घेणं होतं. वहिनी माझ्याकडं बघत होती. मी नट पुसत होतो.

संध्याकाळी मी विहिरीवर होतो तिथं ती आली. "भाऊजी, मी जशा होत्या तशाच ठेवल्या होत्या जी. मी दाणे ठेवले होते खाली, मोजून. तुमी पायले नाई का?"

"नाही," मी म्हणालो. हे मात्र खोटं होतं, सरळ. आणि त्यावर मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी, चुकून होते. माह्या मनात काही नाई." म्हणजे मी तिला माफ केलं! विहिरीच्या काठावर उभं राहून, अंगठ्यानं साबण चोळत, मी माझ्या चुकीबद्दल तिला माफ केलं, आणि ती खाली मान घालून "हो जी" म्हणाली. एवढ्या वर्षांत मी बऱ्याच लहानमोठ्या लबाड्या केल्या असतील, तहसील कचेरीत कारकुनी केलेला माणूस आहे मी, पण ती संध्याकाळ आठवली की अजून मला माझं तोंड आरशात बघवत नाही.

मोटार पुन्हा चालली नाही. काही वर्षं ती अंगणात उभी होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या, मग भंगारवाल्यानं नेली. बाबा सकाळी तिच्या वेळेला उठून बसायचे आणि चहाची वाट बघायचे. मी पाना पुन्हा हातात धरला नाही. कचेरीत नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, बरं झालं, कागदाला हातगुण लागत नाही. वहिनीच्या हातगुणाबद्दल मात्र ती पुन्हा कोणाशी बोलली नाही. पुढच्या आषाढात रोवणीची पहिली पेंडी दुसऱ्या एका बाईनं लावली, आणि वहिनी न सांगता बांधावर मागं उभी राहिली.

यंदा श्रावणात मी मोहाडीला गेलो होतो. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. वहिनी सपरीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. हात थरथरतो तिचा आता. खडे बाजूला काढताना ती तोंडातल्या तोंडात मोजत होती, एक, दोन, तीन. मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. पाऊस, गाठोडं, दोन टोप्या, दहा दाणे, कोंबड्या.

ती निवडत राहिली. मला वाटलं होतं रडेल, किंवा म्हणेल की झालं ते गेलं. मला वाटतं मी त्या दुसऱ्या वाक्यासाठीच गेलो होतो. मग तिनं सूप खाली ठेवलं.

"मामाजीले सांगतलं होतं?"

"नाही."

"सासूबाईले?"

"नाही."

"तुमच्या दादाले?"

मी मान हलवली.

"मंग मले एकटीलेच काहून सांगता? मले तं मालूमच होतं का मी बदलल्या नाई." तिचा आवाज चढला नव्हता. "पयले मालूम होतं. मंग सारे म्हणत तं मलेई वाटे, असन, माह्याच हाताचं असन. माह्या पोरीच्या लग्नात मी तिले हळद नाई लावली, भाऊजी. चुलतसासूच्या हातानं लावून घेतली. मनात म्हटलं, माहा हात नोको लागाले."

मला ते लग्न आठवलं. मी त्या मांडवात होतो, पाहुण्यांना पान देत होतो. वहिनी खांबाजवळ उभी होती आणि कोणी तरी म्हणालं होतं, थकली बिचारी. मी म्हणालो, "वहिनी, चुकलं माझं." दुसरं काय म्हणणार?

"थे तं चुकलंच," ती म्हणाली आणि सूप परत मांडीवर घेतलं. "आता सगळ्यायसमोर सांगा. दसऱ्याले. आन् तुमी तुमची कहाणी लिहून राहिले म्हंतात, त्यातई लिहा. माह्या नातसुना वाचतीन."

दसऱ्याला मी सांगितलं. पाटासमोर, सगळे जमलेले असताना. पोरांना वाटलं म्हातारा जुन्या मोटारीची गंमत सांगतो आहे. नवरदेव धानाच्या भाऱ्यावर चढला तिथं पोरं खो खो हसली. संपल्यावर नातू म्हणाला, "एवढंच?" पुतणी, वहिनीची लेक, मात्र हसत नव्हती. तिनं आईकडं पाहिलं, आणि स्वतःची हळद आठवून तिच्या लक्षात काय आलं ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं सुनेकडून ताट घेऊन वहिनीच्या हातात दिलं.

वहिनी उंबरठ्यावरून दोन पावलं पुढं आली. वाकून तिनं विळ्याला टिळा लावला, मोटारसायकलला लावला, मग पाटावरच्या एकेका पान्याला. कुंकू थोडं सांडत होतं. कुठलीही वस्तू तिनं उचलली नाही, सरकवलीसुद्धा नाही. शेवटचा टिळा लावून ती सरळ झाली, ताट सुनेकडं दिलं आणि माझ्याकडं वळली.

"पाहून घ्या, भाऊजी," ती म्हणाली. "काही हलवलं नाई मी."